उभ्या इंजिनाला गंज का चढतो?

२०२०च्या टाळेबंदीत शहरांतल्या सोसायट्यांमध्ये एक नवा नेम सुरू झाला होता. दर रविवारी सकाळी माणसं मास्क लावून खाली यायची, गाडीवरची धूळ झटकायची, किल्ली फिरवून पाच-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानाने वर जायची. इंजिन हलतं राहिलं पाहिजे, नाहीतर जाम होईल, ही त्यामागची समजूत. बॅटरीपुरतं त्यात थोडंफार तथ्य असेलही.

छोट्या विमानांची पिस्टन इंजिनं बनवणारी अमेरिकेतली लायकमिंग ही कंपनी मात्र आपल्या ग्राहकांना कित्येक वर्षं याच्या नेमकं उलट सांगत आली आहे. विमान उडवायचं नसेल, तर ते जमिनीवर थोडा वेळ चालू करून बंद करू नका. त्याने गंज कमी होत नाही, वाढतो. प्रोपेलर हाताने दोन-चार वेळा फिरवून ठेवण्याची जुन्या लोकांची सवयही सोडा. आजच्या सेसना १७२ मध्ये, म्हणजे वैमानिक घडवणाऱ्या संस्थांच्या आवारात हमखास दिसणाऱ्या चार आसनी विमानात, याच कंपनीचं इंजिन असतं. त्यामुळे हा सल्ला जगभरच्या हजारो विमानमालकांना लागू आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या तो पचनी पडत नाही.

धावणारं यंत्र झिजतं, उभं यंत्र जपलं जातं, असं आपल्याला वाटतं. विमानाच्या पिस्टन इंजिनाचं तसं नाही. नेमाने उडणारं इंजिन हजारो तास सेवा देतं आणि वर्षभर हँगरमध्ये जपून ठेवलेलं इंजिन आतून खराब झालेलं निघतं. असं का होतं, ते समजून घ्यायचं तर आधी इंजिनातल्या पाण्याचा माग काढावा लागेल.

बंद इंजिनात पाणी येतं कुठून?

पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो आणि सोयीने विसरलेलो असतो. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि पाण्याची वाफ होते. प्रमाण मात्र चकित करणारं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक धुराबरोबर बाहेर जातं. हिवाळ्याच्या सकाळी गाडीच्या सायलेन्सरमधून ठिबकणारं पाणी ते हेच.

पण सगळं बाहेर जात नाही. पिस्टनभोवतीच्या रिंगा कितीही घट्ट बसल्या, तरी जळालेला थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. क्रँककेस म्हणजे इंजिनाचं पोट; तेल, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट सगळं तिथेच असतं. निसटलेल्या वायूबरोबर पाण्याची वाफ येते आणि काही आम्लधर्मी पदार्थही येतात. विमानांच्या बाबतीत त्यात शिशाची भर पडते. छोट्या विमानांच्या '१०० एलएल' या पेट्रोलमध्ये आजही लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. ते इंजिनात साचू नये म्हणून त्यात ब्रोमिनचं एक संयुग मिसळलेलं असतं. जळल्यावर शिशाचे ब्रोमाइड क्षार होतात आणि त्यातले काही तेलात उतरतात. कोरड्या अवस्थेत ते फारसा त्रास देत नाहीत, पण ओल मिळाली की धातूला खाऊ लागतात.

पाण्याची दुसरी वाट हवेची आहे. क्रँककेसमध्ये दाब साठू नये म्हणून तिला बाहेर उघडणारी एक नळी असते. दिवसा इंजिन तापलं की आतली हवा पसरून बाहेर पडते, रात्री गार झालं की बाहेरची हवा आत ओढली जाते. असं ते इंजिन रोज एकदा श्वास घेतं. ३० अंश सेल्सियसच्या, ओलाव्याने पूर्ण भरलेल्या हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी मावतं. २० अंशांना जेमतेम १७. मधले तेरा ग्रॅम कुठेतरी बसायलाच हवेत. ते जवळच्या थंड धातूवर बसतात. सकाळी ऊन पडल्यावर हवा लवकर तापते, पण शंभर किलोहून जड असलेलं इंजिन बराच वेळ गारच राहतं आणि त्याच्या आतल्या भिंतींवर दव धरतं. त्यासाठी पाऊस पडायची गरज नाही. रात्र आणि दिवस यांच्या तापमानात पुरेसा फरक असला की झालं.

पहिला बळी: कॅमशाफ्ट

इंजिनात तेल असताना गंज चढतोच कसा, हा प्रश्न रास्त आहे. चालू इंजिनात सगळीकडे तेल उडत असतं. बंद केल्यावर ते हळूहळू ओघळून तळाला जातं. वर राहतो तो तेलाचा अतिशय पातळ थर, आणि तोही दिवसागणिक विरळ होत जातो.

लायकमिंगच्या आडव्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो, म्हणजे तेलाच्या साठ्यापासून सगळ्यात लांब. कॅमशाफ्टवर अंडाकृती उंचवटे असतात. ते टॅपेट नावाच्या गुळगुळीत पोलादी चकत्यांना ढकलतात, त्या पुढे व्हॉल्व्ह उघडतात. या उंचवट्यांना तेल मिळतं ते मुख्यत्वे खाली गरगरणाऱ्या क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांमधून. इंजिन बंद झालं की शिंतोडे बंद, आणि उघडं पडायला लागणाऱ्या पहिल्या भागांत याच उंचवट्यांचा नंबर लागतो. कॉन्टिनेंटल कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट खालच्या बाजूला असतो. त्यामुळे त्यांना ही व्याधी कमी जडते. पण कमी म्हणजे अजिबात नाही असं समजू नये.

गंजाचा पहिला डाग डोळ्यांना दिसतो न दिसतो इतका लहान असतो. पाण्याचा थेंब, त्याखालचं लोखंड आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तिथे जणू एक चिमुकली बॅटरी सुरू होते. लोखंडाचे अणू एका जागी विरघळतात, शेजारी त्यांचा तांबूस थर बसतो, आणि जिथून अणू गेले तिथे खड्डा राहतो. खड्डा जागच्या जागी असेपर्यंत काही बिघडलेलं नसतं. पुढे कधीतरी इंजिन चालू होतं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा जोर त्या उंचवट्यावर येतो आणि खड्ड्याच्या कडा तुटायला लागतात. मग पापुद्रे सुटतात आणि उंचवटा गोल होत जातो. व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, इंजिनाची ताकद घटते. हे लक्षात यायला कित्येक उड्डाणं जावी लागतात, आणि मेकॅनिकला पहिला पुरावा मिळतो तो बहुधा तेलाच्या फिल्टरमध्ये. म्हणून काम जाणणारे लोक फिल्टर नुसता बदलत नाहीत; कापून उघडतात, आतला घडीचा कागद पसरतात आणि उजेडात धरून चमकणारे कण शोधतात. कॅमशाफ्ट बदलायचा तर इंजिन उतरवून क्रँककेस फोडावी लागते, म्हणजे जवळपास सगळं इंजिनच नव्याने बांधण्याचा खर्च.

सिलिंडरच्या भिंतीही गंजतात, आणि त्या तांबूस पुडीचं एक वैशिष्ट्य आहे. लोखंडाची बारीक भस्मं धातूंना झिलई द्यायला वापरतात. तेच भस्म रिंगा आणि भिंत यांच्यामध्ये सापडलं की नको ती झिलई होते. नव्या इंजिनाला हा धोका जास्त. दमट हवेत नवं इंजिन अवघे दोन दिवस उभं राहिलं तरी सिलिंडरच्या भिंतीवर गंज सुरू झालेला आढळतो, असा उत्पादकांचा अनुभव आहे. पन्नासेक तास सलग चाललेल्या इंजिनाच्या भिंतींवर जळक्या तेलाचा पातळ लुकण बसलेला असतो आणि तो काही आठवडे सांभाळून घेतो.

दहा मिनिटांचा घोटाळा

आता रविवारच्या त्या नेमाकडे पाहता येईल. दहा मिनिटं इंजिन चालवलं की तेल सगळीकडे उडतं, हे खरं आहे. पण त्या दहा मिनिटांत पेट्रोल जळून नवं पाणी तयार होतं आणि त्यातलं काही क्रँककेसमध्ये उतरतं. ते पाणी वाफ होऊन बाहेर पडायचं, तर तेल चांगलं तापलं पाहिजे आणि तापलेलं राहिलं पाहिजे. लायकमिंगचं सांगणं असं की तेल ७४ ते ९३ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवून सलग एक तास उड्डाण करावं आणि दोन उड्डाणांमध्ये तीस दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. समुद्रकाठी तर त्याहून कमी.

जमिनीवर हे साधत नाही, याचं कारण इंजिनाच्या रचनेत आहे. मोटारीचं इंजिन पाण्याने थंड होतं आणि थर्मोस्टॅट त्याला पटकन योग्य तापमानाला आणतो. विमानांची ही इंजिनं हवेने थंड होतात, आणि उड्डाणात मिळणारा वाऱ्याचा झोत जमिनीवर मिळत नाही. परिणामी सिलिंडरची डोकी भराभर तापतात आणि तेल मात्र कोमटच राहतं. हात लावणाऱ्याला वाटतं, इंजिन छान गरम झालं. आत मात्र कोमट तेलात ताजं पाणी मिसळलेलं असतं, आणि इंजिन बंद होताच ते थंड होणाऱ्या भिंतींवर जाऊन बसतं. असा नेम वर्षभर पाळणारा माणूस इंजिनाला दर रविवारी पाणी पाजत असतो.

हाताने प्रोपेलर फिरवण्यात वेगळाच तोटा आहे. त्या संथ गतीने क्रँकशाफ्ट तेल उडवत नाही. रिंगा मात्र भिंतीवर उरलासुरला तेलाचा थर खरवडतात आणि टॅपेट कॅमवरचा थर पुसतात.

बरणीचा न्याय

मग करायचं काय? उडवणं शक्य नसेल तर इंजिन रीतसर साठवायचं. ही विद्या आपल्या घराघरांत आहे. लोणच्याची बरणी उन्हात खडखडीत वाळवतात, फोडींवर तेल तरंगेल इतकं घालतात, तोंडाला दादरा बांधतात, आणि मग तिला कुणी उगाच हात लावायचा नसतो. ओल काढणं, तेलाखाली ठेवणं, तोंड बंद करणं, न हाताळणं: विमानाच्या इंजिनाची साठवण याच चार कामांची आहे, क्रमही हाच.

आधी ओल काढायची. जुनं तेल आम्ल आणि पाण्याने भरलेलं असतं, ते काढून टाकतात. त्याच्या जागी साठवणीचं तेल भरतात: एक भाग गंजरोधक अर्क आणि तीन भाग साधं विमान-तेल. मग इंजिन नीट तापेपर्यंत चालवतात, म्हणजे हे मिश्रण कानाकोपऱ्यांत पोचतं आणि आतली वाफ निघून जाते.

नुसत्या साध्या तेलाने का भागत नाही? तेल धातूवर पसरतं, पण त्याला घट्ट धरत नाही. पाण्याचा थेंब त्याला बाजूला सारून धातूपर्यंत पोचतो. गंजरोधक अर्कातल्या रेणूंना दोन टोकं असतात. एक धातूला चिकटतं, दुसरं तेलाकडे तोंड करून राहतं. असे असंख्य रेणू दाटीवाटीने उभे राहिले की धातूवर जी चादर तयार होते, तिला भेदून जाणं पाण्याला जड जातं.

यानंतरचं काम नाजूक आहे. इंजिन गरम असतानाच वरचे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गरम केलेलं हेच मिश्रण फवारतात, दर सिलिंडरला साधारण साठ मिलीलिटर. क्रँकशाफ्ट काही फेरे फिरवून ते पसरवतात आणि मग शेवटची फवारणी करतात. या शेवटच्या फवारणीनंतर प्रोपेलर हलवायचा नाही, ही सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत महत्त्वाची अट. एक फेरा फिरला तरी रिंगा तो थर पुसून टाकतात आणि केलेलं सगळं वाया जातं. म्हणून प्रोपेलरच्या पात्यांवर ठळक पाटी लावतात: इंजिन साठवणीत आहे, फिरवू नये. हँगरमध्ये येणाऱ्या पाहुण्यांना प्रोपेलर फिरवून बघण्याची फार हौस असते, हे ती पाटी लिहिणाऱ्यांना पक्कं माहीत असणार.

मग तोंडं बंद करायची. काढलेल्या स्पार्क प्लगांच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचे प्लग बसवतात, त्यांत सिलिका जेलचे दाणे असतात. नव्या बुटांच्या खोक्यात सापडतात तेच दाणे. त्यांच्या अंगभर सूक्ष्म छिद्रं असतात, इतकी की एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर भरतो, आणि त्यावर हवेतलं पाणी चिकटून बसतं. दाण्यांत रंग बदलणारं रसायन मिसळलं की बाहेरून नुसतं पाहून अंदाज येतो. कोबाल्टचं मीठ असलेले दाणे कोरडे असताना निळे असतात, ओलावले की गुलाबी होतात. हवा आत घेण्याचं तोंड, धूर सोडण्याचं तोंड, क्रँककेसची श्वासनळी यांतही अशा पिशव्या ठेवून ती तोंडं चिकटपट्टीने बंद करतात आणि प्रत्येक ठिकाणी लाल फीत लोंबती सोडतात. पुढे काढताना एखादी पिशवी आत विसरली जाऊ नये, म्हणून ही फीत. तोंडं बंद ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे कुंभारीण माशीला चिखलाचं घर बांधायला जागा मिळत नाही.

राहिलं ते न हाताळणं. ठरलेल्या दिवसांनी दाण्यांचा रंग बघायचा, गुलाबी झाले असतील तर बदलायचे, आणि परत जायचं.

┌──────────────
चौकट: किती दिवसांसाठी काय?
तीस दिवसांच्या आत: तेल पुरतं तापेल असं सलग एक तासाचं उड्डाण. साठवणीची गरज नाही.
नव्वद दिवसांपर्यंत: कॉन्टिनेंटल याला तात्पुरती साठवण म्हणते. सिलिंडरमध्ये फवारणी, तोंडं बंद, प्रोपेलरवर पाटी.
त्याहून जास्त किंवा अनिश्चित काळ: साठवणीचं तेल, फवारणी, सिलिका जेलचे प्लग आणि पिशव्या, नियमित तपासणी.
कधीच नाही: जमिनीवर थोडा वेळ चालू करून बंद करणं, हाताने प्रोपेलर फिरवणं.
└──────────────

जागा निवडताना

पोलादाच्या गंजण्याला एक उंबरठा असतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ पोलाद फार हळू गंजतं. त्यावर गेली की वेग एकदम वाढतो. पृष्ठभागावर मीठ असलं तर हा उंबरठा खाली येतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेतही हवेतून पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि वाऱ्यावर मीठ असतं. तिथे इंजिन उघडं ठेवणं म्हणजे गंजाला पाट-पाणी मांडणं.

म्हणूनच जगातल्या मोठ्या विमान-साठवणी वाळवंटात आहेत. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ पासून अमेरिकेने ॲरिझोनातल्या टक्सन शहराजवळ, डेव्हिस-मॉन्थन तळावर, आपली जादा विमानं ठेवायला सुरुवात केली. तिथे वर्षाला जेमतेम ३० सेंटिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत याच्या दुपटीहून जास्त पडतो. टक्सनची जमीनही इतकी कडक की जड विमानं फरसबंदीशिवाय उभी राहतात. तिथे विमानाच्या इंधनाच्या टाक्या आणि नळ्या रिकाम्या करून त्यांत हलकं तेल भरतात आणि ते पुन्हा काढून घेतात, म्हणजे आतून सगळीकडे तेलाचा हात फिरतो. स्पेनमधलं तेरुएल आणि ऑस्ट्रेलियाच्या मधोमधचं ॲलिस स्प्रिंग्ज हीही अशीच कोरडी ठिकाणं. २०२० मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने आपली काही विमानं दमट सिंगापुरातून उचलून ॲलिस स्प्रिंग्जला नेली ती याच कारणासाठी.

पण सगळ्यांना वाळवंट परवडत नाही. तेव्हा वाळवंट इंजिनापाशी आणायचं. महायुद्धात समुद्रमार्गे पाठवायची विमान-इंजिनं प्लायोफिल्म नावाच्या ओल न शिरणाऱ्या पातळ पडद्याच्या पिशवीत, सिलिका जेलसकट, बंद करून पाठवत. आठवडेच्या आठवडे खाऱ्या हवेत राहूनही ती कोरडी पोचत.

जेटचं गणित वेगळं

मोठ्या प्रवासी विमानांची जेट इंजिनं या सगळ्यात बसतात का? काही अंशी. त्यांत ज्वलन बंद सिलिंडरमध्ये होत नाही, वायू सरळ मागे निघून जातो. त्यामुळे अधूनमधून चालवल्याने पिस्टन इंजिनासारखं पाणी तेलात साचत नाही, आणि थोड्या दिवसांच्या मुक्कामात ती ठरलेल्या अंतराने चालवून ठेवणं ही मान्य रीत आहे. लांबच्या मुक्कामात मात्र इंधनाच्या मार्गात साठवणीचं तेल भरतात, पुढची-मागची तोंडं झाकतात, आत आर्द्रता दाखवणारं कार्ड आणि सिलिका जेल ठेवतात. झाकणाचा एक जास्तीचा उपयोग असा की वाऱ्याने पंखा फिरत राहत नाही. तेलाचा दाब नसताना फिरणारे बेअरिंग झिजतात.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये जगातली निम्म्याहून अधिक प्रवासी विमानं अचानक जमिनीवर आली. भारतात देशांतर्गत उड्डाणं २५ मार्चपासून दोन महिने पूर्ण बंद होती. वाळवंटात न्यायला वेळ नव्हता. विमानं जागा मिळेल तिथे, टॅक्सीवेवरसुद्धा, उभी राहिली. त्याचा परिणाम जुलैत दिसला. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७३७च्या जुन्या पिढ्यांसाठी तातडीचा आदेश काढला: सलग सात दिवस किंवा त्याहून अधिक न उडालेल्या विमानांच्या इंजिनांतली एक हवेची झडप उडण्यापूर्वी तपासा. ती झडप गंजून उघडी अडकल्यामुळे उड्डाणात एक इंजिन बंद पडल्याच्या चार घटना नोंदल्या गेल्या होत्या. दोन्ही इंजिनांत एकदम असं झालं असतं तर ती पुन्हा सुरूही झाली नसती. भारतातही डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने तपासणीचे आदेश दिले. सगळं इंजिन धडधाकट होतं, घोटाळा केला तो एका झडपेने, आणि मुदत होती फक्त सात दिवसांची.

गो फर्स्ट ही कंपनी मे २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा तिची विमानं निरनिराळ्या विमानतळांवर अडकली. ती भाड्याने देणाऱ्या मालकांची एक मोठी काळजी हीच होती की उभ्या विमानांकडे कोण बघणार. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मालकांना महिन्यातून किमान दोनदा पाहणी करू देण्याचा आदेश दिला.

पुन्हा जागं करताना

साठवलेलं इंजिन सरळ चालू करायचं नसतं. लाल फिती मोजून पिशव्या बाहेर काढायच्या, सिलिका जेलचे प्लग काढायचे. फवारलेलं तेल सिलिंडरच्या तळाशी साचलेलं असतं. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे तसंच स्टार्टर फिरवला तर पिस्टन त्या तेलावर आदळून दांडाच वाकतो. म्हणून सगळे प्लग काढून प्रोपेलर हाताने सावकाश फिरवायचा आणि साचलेलं तेल प्लगांच्या भोकांतून बाहेर पडू द्यायचं. इतके महिने निषिद्ध असलेली गोष्ट इथे आवश्यक होते. मग साठवणीचं तेल काढून नेहमीचं भरायचं, इंधनाच्या गाळण्या साफ करायच्या, हवेची तोंडं आणि नळ्या आतून बघायच्या. त्यानंतर इंजिन चालू करायचं, आणि जमिनीवरची चाचणी समाधानकारक झाली की लगेच उडायचं, तेल पुरतं तापेपर्यंत. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे फिल्टर कापून बघणं.